कोतवाल बुकातली धुरपता

कलकत्ता,
ता. १८ जानेवारी १९५७

ती. स्व. मनसारामभाऊ यांस,
धुरपताचा शि. सा. न. वि. वि.

दरवर्षी दिवाळीले एक पत्र असा आपल्या बहीण-भावाचा रिवाज. मधातच हे पत्र पाहून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते, आम्ही तिघं खुशाल आहो. सोमारी सहा वर्षांची झाली. घरात चिनी बोलते, गल्लीत बंगाली बोलते, अन् रागावली का माझ्यावर आपल्या आरमोरीच्या बोलीत ओरडते. हे पत्र बाबांच्या हाती लागू देऊ नको. त्यांले वाचता येत नाई, पण पाकीट ओळखतील.

भाऊ, काम असं आहे. या वर्षी इथी चिनी लोकांची नावं नव्यानं लिहून घेऊन राह्यले. आचुनसंगं मलेही पोलीस कचेरीत बोलावलं. तिथल्या बाबूनं नाव विचारलं. मी धुरपता सांगतलं तर तो हसला, म्हणाला चिनी बाईचं असं नाव कसं. मी म्हटलं मी चिनी नाई, चांदा जिल्ह्यातल्या आरमोरीची ढिवराची पोरगी आहो. तो म्हणाला चिन्याशी लग्न केलं ना, मग तू चिनी. माझा फोटो काढला अन् एक लहानसं बुक हातात दिलं. आता परवानगीशिवाय मले कलकत्त्याबाहेर जाता येत नाई. महिन्यातून एकदा हजेरी द्यावी लागते, चोरासारखी.

गल्लीतला एक शिकलेला माणूस म्हणाला, हे चूक आहे, नवा कायदा झाला, जी इथी जन्मली ती इथलीच. पण जन्माचा कागद दाखवावा लागते. जूनच्या आत. तू तहसिलीत जाऊन कोतवाल बुकातली, गावचा कोतवाल जन्म-मयत लिहितो त्यातली, माझ्या जन्माची नक्कल काढून पाठव. या उन्हाळ्यात आईले भेटाचं मी मनात धरलं होतं. गावात नाई येत, जातीचे पंच येऊ देणार नाईत, पण वडशाच्या टेसनावर तू तिले गाडीबैलानं घेऊन आला असता तरी भेट झाली असती. आता तेही या कागदावर अडलं.

वहिनीले नमस्कार सांग. माझ्यावर जीव आहे तसाच ठेव.

तुझी बहीण,
धुरपता

—

आरमोरी,
ता. ३ फेब्रुवारी १९५७

चि. सौ. धुरपताबाईस,
मनसारामचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या कुंतावहिनीनं वाचून घ्या म्हटलं तेव्हा मी तलावावर होतो, ओल्या हातानं पाकीट फोडलं तर अर्धी शाई पसरली. तरी सगळं समजलं. समजून डोकं फिरलं.

खरं सांगू काय? मले राग त्या बाबूचा आला, अन् थोडा तुझाही. आठ वर्षांआधी वडशाले लाकडं चिराच्या आऱ्यावर कामाले आलेला तो चिनी सुतार. आपला फुटका डोंगा दुरुस्त कराले आला, अन् डोंगा इथीच ठेवून तुलेच घेऊन गेला. एवढ्या मुलुखात तुले दुसरा माणूस दिसला नाई? असो. आचुन चांगला माणूस आहे हे तू प्रत्येक दिवाळीले लिहितेस, मी मानतो. पण ते लोक आहेत तरी कोण, कुठून आले, तिथी कोण्या हक्कानं राह्यतेत, हे मले अजून ठाऊक नाई. कोणी विचारलं तर मी काय सांगू, तेही एकदा नीट लिही.

नक्कल काढतो. तहसिलीत पहिल्यांदा गेलो तर कारकून रजेवर. दुसऱ्यांदा गेलो तर जुनी बुकं ज्या खोलीत आहेत तिची किल्ली सापडत नाई म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला जन्माचं साल पक्कं सांग, सालाशिवाय बुक काढत नाई. आई म्हणते, मोठा पूर आला त्याच्या दुसऱ्या वर्षी, धान रोवून झालं होतं तेव्हा. कारकून म्हणाला पुरावर बुक लिहीत नाई आम्ही.

आईले चालताना धाप लागते. डोळ्यानं कमी दिसते. पण तुझं नाव काढलं का उठून बसते. बाबा आहेत तसेच. घरात तुझं नाव निघालं का जाळं घेऊन बाहेर जातात, पाणी असो नसो.

काळजी करू नको, चिडणं माझ्यावर सोपव. पोरीले पापा.

तुझा भाऊ,
मनसाराम

—

कलकत्ता,
ता. २० फेब्रुवारी १९५७

ती. स्व. मनसारामभाऊ यांस,
धुरपताचा शि. सा. न. वि. वि.

तू विचारलं म्हणून आमच्या चुलत सासऱ्याले, आसुककाकाले, विचारून विचारून लिहिते. ते सत्तर पार गेलेले सुतार. सांगताना मधातच झोपतात, उठून भलत्याच सालापासून सुरू करतात. माझी चिडचिड झाली, पण जमलं तेवढं असं.

पहिला चिनी माणूस इथी येऊन पावणेदोनशे वर्षं होत आली. गंगेकाठी साखरेचा कारखाना टाकाले आला. त्याची लाल रंगाची समाधी अजून नदीकाठी आहे. नुकतंच यांचं नवं साल झालं, तेव्हा आख्खी गल्ली नावेत बसून तिथी गेली. मीही गेली. तो माणूस गेला, कारखाना बुडाला, त्याचे मजूर शहरात आले. मग जहाजं बांधणारे सुतार आले. एक यायचा, तो गावाकडच्या चुलत्याले बोलवायचा, चुलता मेव्हण्याले. अशी एका गावाची एक गल्ली झाली. मग जोडे शिवणारे आले, मग दात काढणारे, मग पूर्वेकडच्या दलदलीत कातडं कमावणारे. कातड्याच्या कारखान्यात एकदा गेली होती मी आचुनसंगं. हिरड्याची पोती पडली होती. गोंदियाकडून येतेत म्हणाले. मी मूठभर हिरडा उचलून नाकाशी धरला. कुरखेड्याच्या जंगलाचा वास आला, भाऊ. तिथली माणसं माझ्याकडे पाहत राह्यली.

आधी कित्येक वर्षं या लोकांत बायाच नव्हत्या. माणसं एकटी यायची, इथल्या पोरींशी लग्न करायची. बंगाली, नेपाळी, खासी. म्हणून आमच्या गल्लीत कोणाची आजी कोणत्या मुलखाची, ते विचारू नाई असं आहे. मी काई पहिली नाई. लढाईत ब्रह्मदेशातून पायी पळून आलेले हजारोजण भरले, खोल्यांत पाय ठेवाले जागा नव्हती. अन् आता चीनमध्ये राज्य बदललं. काईजणांजवळ जुन्या राज्याचा कागद, काईजणांजवळ नव्याचा, अन् आचुनसारख्याजवळ कोणताच नाई. तो याच गल्लीत जन्मला. सुईणीनं नाळ कापली, बुकात कोणी लिहिलं नाई. ज्या खोलीत जन्मला त्याच खोलीतून उठून हजेरीले जाते.

हक्काचं विचारलं तू. एवढाच हक्क आहे.

भाऊ, नक्कल. मले कंटाळा आला विनवण्या कराचा, पण नक्कल.

लोभ धरून आहो, सुटू देऊ नको.

तुझी बहीण,
धुरपता

—

आरमोरी,
ता. २४ मार्च १९५७

चि. सौ. धुरपताबाईस,
मनसारामचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र चार दिवसांपासून लिहून राह्यलो अन् फाडून राह्यलो. होळी गेली, मोहफुलं पडाले लागली, अन् मी अजून कागदासमोर बसलो आहो. तुले सांगू नाई असं कुंता म्हणते. पण न सांगून होत नाई.

सहाव्या खेपेले बुक निघालं. साल एकोणीसशे तीस, ऑगस्टची नऊ तारीख, मुलगी, नाव धुरपता, बापाचं नाव डोमा, जात ढिवर, मौजा आरमोरी. मी मनात म्हटलं, झालं, जिंकलो. नक्कल लिहायले सांगतलं. कारकुनानं लिहाच्या आधी दुसरं बुक काढलं, म्हणाला नवीन हुकूम आहे, जन्माची नक्कल देताना मयतीचं बुकही पाहावं लागते. मी म्हटलं पहा ना, खुशाल पहा.

एकोणीसशे एकोणपन्नास, दोन मे. मयत. धुरपता, डोमाची मुलगी, वय अठरा, कारण ताप. खबर देणारा, बाप.

बाई, मी तीनदा वाचलं. लटारू कोतवालानं लिहिलं आहे, त्याचंच वळण. तो बिचारा मरून गेला, त्याले विचारू शकत नाई. त्याले सांगतलं ते त्यानं लिहिलं असेल, कोणी बाप मुलीची खोटी मयत सांगेल असं त्याच्या डोक्यात काऊन येईल?

कारकुनानं बुक मिटलं. मग म्हणाला, मेलेल्या बाईचा जन्मकागद कोणा चिनीणीले नेऊन देतोस का, ठाण्यात देऊ का तुले. मी म्हटलं माझी बहीण जिवंत आहे. तो म्हणाला तुझ्या बापाले विचार.

बाबांले अजून विचारलं नाई. विचारलं तर माझ्या तोंडून काय निघेल त्याचा भरवसा नाई. पंधरा कोस पायी आलो, पूर्ण रस्ताभर त्यांच्याशी मनात भांडत आलो. आईले काईच ठाऊक नाई.

तू रडू नको. नाईतर रड, पण मले लिही.

तुझा भाऊ,
मनसाराम

—

कलकत्ता,
ता. २ एप्रिल १९५७

ती. स्व. मनसारामभाऊ यांस,
धुरपताचा शि. सा. न. वि. वि.

मी रडली नाई. दिवसभर भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली.

एकोणपन्नासच्या दोन मेले मी काय करत होती ते आठवून पाह्यलं. त्या दिवशी मले इथी येऊन आठ दिवस झाले होते. आसुककाका मले त्यांच्या सभाघरात घेऊन गेले. तिथी एक जाड बही आहे. कोणत्या सालात कोण आला, कोण्या गावाचा, बापाचं नाव काय, काम कोणतं, सगळं लिहिलेलं, काकांच्या आजापासूनचं. यांच्या मोहल्ल्याची गोष्ट दुसरी कुठी लिहिलेली नाई, या बहीतच आहे. बायांची नावं त्यात लिहीत नव्हते. काका म्हणाले, ही एवढ्या दुरून आली, हिचं लिहा. त्यांनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं, बापाचं नाव विचारलं. मी डोमा सांगतलं. उभ्या ओळीत ब्रशानं लिहिलं, शाई वाळेपर्यंत मी तिथी उभी होती.

तारीख तीच का, एकदोन दिवस इकडची तिकडची, ते मी काल जाऊन विचारलं नाई. विचाराची हिंमत नाई झाली. पण त्याच आठवड्यातली आहे. परक्या माणसांनी मले डोमाची पोरगी म्हणून लिहिलं, अन् डोमानं मेली म्हणून लिहिलं.

मी ती बही पोलीस कचेरीत नेऊ का, असं आचुनले विचारलं. तो म्हणाला, तिथी कोणाले चिनी वाचता येत नाई, अन् वाचता आलं तर म्हणतील, पहा, ही चिन्यांच्या बहीत आहे, म्हणजे चिनीच.

भाऊ, मी थकली. बाबांले माझा नमस्कार सांगू नको. मेलेल्या पोरीनं काय नमस्कार कराचा. आईले मात्र सांग, का मी रोज जेवते, रोज झोपते, जाड झाली आहो.

हे पत्र लपवाची गरज नाई आता. वाचून दाखव.

धुरपता

—

आरमोरी,
ता. २६ मे १९५७

चि. सौ. धुरपताबाईस,
मनसारामचे अनेक आशीर्वाद.

घाईत लिहितो. आधी हे सांग, बाबा तुझ्याकडे पोचले काय? पोचले असतील तर तार कर.

सगळं सांगतो. तू म्हटलं म्हणून पत्र वाचून दाखवलं. दुपारी सगळे जेवाले बसले होते. वाचून होतपर्यंत कोणी घास घेतला नाई. आईनं बाबांले विचारलं, हे खरं आहे काय. बाबा म्हणाले हो. म्हणाले, पळालेल्या पोरीबद्दल घाटाघाटावर लोक विचारतात, मेलेल्या पोरीबद्दल विचारत नाईत, मले घाटावर जाऊन जाळं टाकाचं होतं. आईनं ताट उचललं अन् शेजारच्या खोलीत जाऊन जेवली. त्या दिवसापासून बाबांशी बोलत नाई. त्यांच्यासमोरून जाते जशी खांबासमोरून जाते.

मी मात्र बोललो. जे बोलाले नाई पाहिजे तेही बोललो. बाबांनी ऐकून घेतलं. हे मले जास्त लागलं, त्यांनी एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दोन आठवड्यांनी आपणच म्हणाले, चल तहसिलीत. गेलो. साहेबासमोर बाबा उभे राह्यले, म्हणाले मी खोटी खबर दिली, पोरगी जिवंत आहे. साहेबानं विचारलं, तू पाह्यली काय. नाई. मग कसं ठाऊक? पोरानं पत्र वाचून दाखवलं. साहेब म्हणाले पत्र कोणीही लिहू शकते, पोरीले इथी हजर कर. मी म्हटलं साहेब, तुम्ही कागद दिल्याशिवाय तिले कलकत्त्याबाहेर निघता येत नाई, अन् ती आल्याशिवाय तुम्ही कागद देत नाई, मग आम्ही काय करू. साहेबांनी फाईल बांधली. म्हणाले पुढच्या महिन्यात या. बाई, त्या फाईलीची दोरी माझ्या हातून तुटली असती.

सध्या तेंदूपत्ता सुरू आहे, मी अन् कुंता पहाटेच जंगलात जातो. परवा परत आलो तर बाबा घरी नाईत. घोंगडं नाई, भाजलेल्या चण्याची पुरचुंडी नाई, अन् तुझं पाकीट नाई, ज्याच्यावर तुझा पत्ता आहे ते. वडशाच्या टेसनावर विचारलं तर म्हणाले, एक म्हातारा गोंदियाच्या गाडीत बसला, कलकत्ता किती टेसनं असं विचारत होता.

त्यांनी गोंदियाही पाह्यलं नाई कधी. हिंदी तोडकीमोडकी. आई सांगत नाई पण दारात बसून राह्यते.

ताबडतोब लिही.

मनसाराम

—

कलकत्ता,
ता. १६ जून १९५७

ती. स्व. मनसारामभाऊ यांस,
धुरपताचा शि. सा. न. वि. वि.

तार मिळाली असेलच. बाबा सुखरूप आहेत, इथी माझ्या बाजूले बसले आहेत, अन् काय लिहून राह्यली ते मोठ्यानं वाच म्हणतात. मी वाचत नाई.

ते तिसऱ्या दिवशी भर दुपारी पोचले. हावड्यापासून पाकीट हातात धरून ज्याले त्याले दाखवत पायी आले. ट्राममध्ये चढले नाईत, म्हणाले ती कुठी नेईल काय ठाऊक. गल्लीच्या तोंडाशी एका जोडेवाल्यानं माझं नाव ओळखलं अन् बोटाले धरून आणलं. मी तांदूळ धूत होती. दारात घोंगडं खांद्यावर टाकून बाबा उभे. मी उठली नाई, भाऊ. तांदूळ धूतच राह्यली. बाबा म्हणाले, तुझा पत्ता फार लांब आहे. मग सोमारी आली अन् तिनं बंगालीत विचारलं, हा म्हातारा कोण. मी तिले आपल्या बोलीत सांगतलं. बाबा तिथीच उंबऱ्यावर बसले.

दोन दिवस त्यांनी आमच्या घरचं खाल्लं नाई. जिन्यावर तीन विटा मांडून आपला भात आपणच शिजवला, गल्लीतली पोरं पाहाले जमली. तिसऱ्या दिवशी मी मासा केला. म्हणाले शिळा आहे, तुमच्या या शहरात मासा ओळखणारा कोणी नाई. पण खाल्ला. बाबा अन् आसुककाका दोघंही दिवसभर बसतात. हे आपल्या झाडीबोलीत बोलतात, ते चिनीत. काकांनी सभाघरात नेऊन बही दाखवली. माझी ओळ दाखवली. बाबांनी विचारलं यात माझं नाव कोणतं, अन् काकांनी बोट ठेवलं तिथी बराच वेळ पाहत राह्यले. मी अजून रागात आहो, ते त्यांलेही ठाऊक आहे.

पोलीस कचेरीत पाच खेपा झाल्या. पहिल्यांदा साहेब नव्हते, दुसऱ्यांदा दुभाषी नव्हता, तिसऱ्यांदा स्टांपाचा कागद चुकीचा. चौथ्यांदा उद्या या. बाबा म्हणाले, ही कचेरी आपल्या तहसिलीची सख्खी बहीण दिसते. पाचव्यांदा एक वयस्कर साहेब भेटले. त्यांनी जबानी घेतली. विचारलं मुलं किती. बाबा म्हणाले दोन, एक पोरगा, एक पोरगी, ही. विचारलं मुलगी जिवंत आहे याची खात्री काय. बाबा खवळले. म्हणाले साहेब, तुमच्या टेबलासमोर उभी आहे, तिले पाणी पाजा, पिऊन दाखवेल. मग साहेबांनी विचारलं, मग मेली अशी खबर काऊन दिली. बाबा खांद्यावरचं घोंगडं नीट करू लागले. साहेब म्हणाले, कारण लिहावं लागते. बाबा म्हणाले, रागानं. साहेब म्हणाले एवढ्यानं होत नाई, नीट खुलासा पाहिजे. बाबा म्हणाले, जास्त काईच नाई साहेब, तेवढंच होतं. साहेबांनी तेवढंच लिहिलं. ते आम्हाले वाचून दाखवलं, बाबांनी अंगठा दिला, साक्षीले मी सही केली.

भाऊ, काम झालं नाई. ही जबानी आता तुमच्या जिल्ह्याले जाईल, तिथून तहसिलीत, तिथली मयत खोडली का परत इथी येईल. जूनच्या मुदतीत अर्ज घेतला, पण किती महिने लागतील ते साहेबांनीही सांगतलं नाई. तोवर ते लहान बुक माझ्याजवळ राहील अन् हजेरी चालूच. फक्त आई आजारी आहे म्हणून मले अन् सोमारीले एकवीस दिवसांची परवानगी दिली. आचुनची नाकारली. बाबांनी साहेबांले सांगतलं, याच्यासाठीही मी बोलतो, लिहून घ्या. साहेब हसले. बाबांले ते हसणं आवडलं नाई, पूर्ण रस्ताभर बडबडत आले. आचुन काल रात्रीपासून सोमारीसाठी लाकडी पेटी करून राह्यला.

आम्ही तिघं एकवीस तारखेले दुपारच्या गाडीनं वडशाले उतरू. आईले सांग, पण टेसनावर आणू नको, उन्हात धाप लागेल, मी घरी येते. पंचांले काय सांगाचं ते बाबा म्हणतात ते पाहून घेतील.

तुझ्या मायेच्या भरवशावर निघून राह्यली.

तुझी बहीण,
धुरपता

ता. क. बाबा लिहायले सांगतात, का बैलगाडीत नेहमीपेक्षा दुप्पट धानाचं तणस टाक, नदीच्या उतारावर फार हिसके बसतात, अन् पोरीले सवय नाई.